धुक्यात काढलेले चार पक्षी

अमेरिकेहून परतल्यावर आमच्या गल्लीत माझी जी उलटतपासणी झाली, तीत मी साफ नापास झालो. नायगारा पाहिला का? नाही. डिस्नेलँड? नाही. न्यूयॉर्कच्या उंच इमारती? नाही, विमान त्या बाजूला गेलंच नाही. "मग दोन महिने तिकडं केलंत काय, मास्तर?" याचं खरं उत्तर असं, की एका जपानी भिक्षूच्या मठात जाऊन मी एक चित्र बिघडवून आलो. चित्र माझ्या सख्ख्या पुतणीचं होतं. अमेरिकेत जपानी भिक्षू काय करत होता, असं सगळे विचारतात. सांगलीचा ड्रॉइंग मास्तर तिथं काय करत होता, हे कुणी विचारत नाही. ते आधी सांगतो.

बत्तीस वर्षं पोरांना चित्रकला शिकवून मी शहाऐंशी साली निवृत्त झालो. निरोपसमारंभात शाल आणि नारळ मिळाला. शालीची घडी मोडायच्या आत वृंदाचं पत्र आलं, "काका, आता कारण सांगू नका, तिकीट पाठवतेय." वृंदा माझ्या थोरल्या भावाची मुलगी. शिकली माझ्याच शाळेत. शाळेत ती मला 'सर' म्हणायची आणि फाटकाबाहेर पाऊल पडलं की 'काका'. फाटक ही आमची हद्द. कधी चुकली नाही. पुढं इंजिनिअर झाली आणि कॅलिफोर्नियाला गेली. आमच्या सौभाग्यवती मात्र आल्या नाहीत. "मी गेले तर मांजराला कोण बघणार?" एवढंच म्हणाल्या, आणि माझ्या बॅगेत दोन किलो भडंग भरून मोकळ्या झाल्या.

सांता क्लारा

सांता क्लाराला गाव म्हणायचं ते नकाशावर लिहिलंय म्हणून. रस्ते आहेत, पण रस्त्यावर माणूस नाही. एकमजली बसक्या कचेऱ्या आहेत, पण त्यांत काय चालतं ते बाहेरून कळत नाही. आत म्हणे नखाएवढ्या चकत्या करतात आणि एकेकीवर हजारो गणितं मावतात. वृंदा आणि तिचा नवरा शिरीष, दोघंही त्याच कामात. शिरीष मूळचा नागपूरचा. पाहुण्याच्या ताटातली पोळी संपू द्यायची नाही, हा त्याचा बाणा तिथंही शाबूत होता.

पहिल्याच सकाळी मी घरासमोरच्या हिरवळीवर मांडी घालून प्राणायामाला बसलो. उजवी नाकपुडी दाबली, डोळे मिटले, आणि जमिनीतून चहूबाजूंनी कारंजी सुटली. मला वाटलं मुख्य जलवाहिनी फुटली. "शिरीष! पाणी बंद करा!" असं ओरडत मी घरात शिरलो, तो गालिचाही भिजला.

"काका, टायमर असतो ना त्याला. ऑटोमॅटिक आहे," शिरीष टॉवेल देत म्हणाला.

"अरे, मग हिरवळीवर बसायचं कधी?"

"बसायचंच नाही ना काका. ती बघायला असते."

त्या रात्री जेवताना मी रंगात आलो आणि शिरीषला माझा आवडता किस्सा सांगितला. वृंदा सहावीत असताना जिल्ह्याची चित्रकला स्पर्धा होती. विषय, नदीकाठची सकाळ. हिनं कृष्णेचा घाट काढला. घाट कसला, खाली तीन पायऱ्या, कडेला एक होडीचं टोक, आणि बाकी अख्खा कागद कोरा!

"मी विचारलं, 'हे काय? नदी कुठाय? आभाळ कुठाय?' तर म्हणते कशी, 'सर, ते धुकं आहे.' मी म्हटलं, 'धुकं आहे ना? मग काढून दाखव.' आता धुकं काय काढणार? गप्प बसली. दुसऱ्या दिवशी चित्रं पाठवायची होती. मग मीच बसलो आणि वर दोन डोंगर, मधे सूर्य, पलीकडं देऊळ आणि चार पक्षी टाकले. तर काय सांगू, उत्तेजनार्थ बक्षीस! माझ्या चार पक्ष्यांनी पोरीला बक्षीस मिळवून दिलं."

हा किस्सा मी वीस वर्षं सांगतोय. लोक हसतात. शिरीषही हसला. वृंदा म्हणाली, "काका, आमटी वाढू?"

मी आमटी घेतली. त्यापलीकडं मला काही कळलं नाही. ड्रॉइंग मास्तराला डोळे असतात अशी समजूत आहे, ती चूक आहे.

सॅन फ्रान्सिस्को, न पाहिलेले डोंगर

पुढच्या आठवड्यात वृंदानं रजा काढली आणि मला सॅन फ्रान्सिस्कोच्या एका संग्रहालयात नेलं. तिथं जुनी जपानी शाईचित्रं मांडली होती. पाचएकशे वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षूंनी आपापल्या मठात बसून काढलेली. रंग नाही, नुसती काळी शाई आणि पाणी. कुठं गडद काळा कडा, तर कुठं शाई इतकी पातळ की कागदावर नुसता उच्छ्वास टाकल्यासारखी. डोंगर, पाइनची झाडं, इवलीशी झोपडी, पुलावरून चाललेला मुंगीएवढा म्हातारा.

"यातल्या कित्येकांनी हे डोंगर कधी पाहिलेच नव्हते," वृंदा म्हणाली. "डोंगर चीनमधले. चित्रं बघून, वर्णनं वाचून काढायचे."

हे मला एकदम घरचं वाटलं. सांगलीपासून समुद्र चांगला शंभर-सव्वाशे मैल, तरी माझ्या वर्गातलं प्रत्येक पोर नारळाचं झाड आणि शिडाची होडी काढतंच.

पण एक गोष्ट खटकली. बऱ्याच चित्रांत खाली हातभर चित्र आणि वर दोन हात नुसतं लिखाण. ओळीशेजारी ओळ, निरनिराळ्या हातांची, शेवटी लाल शिक्के.

"काय हे!" मी जोरातच म्हणालो. "चांगल्या चित्राचा नोटीसबोर्ड केला. आमच्या किल्ल्यांवर पोरं नावं कोरतात त्यातलाच प्रकार."

रखवालदारानं माझ्याकडं बघितलं. मी बोट लांबवून दाखवत होतो आणि बोट काचेला टेकलं होतं. त्यानं मला मानेनंच दोन पावलं मागं घेतलं.

वृंदा हळूच म्हणाली, "काका, ती जागा चित्रकारानं मुद्दाम सोडलेली असते. मित्रांनी, गुरूंनी तिथं लिहावं म्हणून. त्यांनी लिहिल्यावरच चित्र पुरं व्हायचं."

आणि मग, काचेतल्या डोंगराकडं बघत, तिनं ती मुख्य गोष्ट सांगितली. तीन वर्षं ती दर शनिवारी डोंगरातल्या एका छोट्या मठात जाते. तिथं एक म्हातारे जपानी भिक्षू शाईचित्रं शिकवतात. सगळे त्यांना 'सेन्सेई' म्हणतात, म्हणजे गुरुजी. ते आता कायमचे जपानला परत चाललेत. सोमवारचं विमान.

"माझं एक चित्र तयार आहे. रविवारी ते बघणार आहेत."

"बघून काय करणार?"

"पूर्ण झालंय असं वाटलं, तर वर दोन शब्द लिहितील. इथल्या बारा वर्षांत त्यांनी फक्त दोघांच्या चित्रांवर लिहिलंय, काका." ती हसली, पण तिचा हात पर्सच्या पट्ट्याला पीळ घालत होता. "सोमवारनंतर चान्स नाही. म्हणून तुम्हीही या. एवढ्या वर्षांनी काहीतरी काढलंय, तुम्ही बघावं असं वाटतं."

मला भरून आलं. त्या भरात तिच्या बोलण्यातला एकच शब्द माझ्या डोक्यात राहिला, 'पूर्ण'. आणि 'पूर्ण' म्हणजे काय, हे बत्तीस वर्षांच्या मास्तराला कोण शिकवणार?

डोंगरातला मठ

शनिवारी शिरीषनं आम्हाला गाडीतून मठात सोडलं. वाट आंबा घाटाला लाजवेल अशी वळणाची. दोन्ही बाजूंना रेडवुड नावाची तांबूस झाडं, इतकी उंच की शेंडा बघायला मान मोडावी. माझं पोट पाचव्या वळणावर उठलं आणि सातव्या वळणावर उतरलं. त्याचं वर्णन नको. मठाच्या दारात बॅग ठेवून शिरीष लगेच गाडीत बसला.

"तू नाही येत?"

"काका, तिथं दोन दिवस मोबदल्याशिवाय गप्प बसवतात. ऑफिसात निदान पगार देतात. उद्या चारला पिकअप करतो!"

मठ म्हणजे सफरचंदं वाळवायची जुनी लाकडी वखार. झाडून पुसून तिला मठ केलेलं. आत शिरताच खोलीत छोटा टीव्ही चालू, आवाज बंद, आणि त्यासमोर पाय पसरून एक लहानखुरे म्हातारे गृहस्थ बेसबॉल बघत बसलेले. मोठे कान, मळखाऊ झगा, झग्याच्या आतून लोकरीचे मोजे. वृंदा कमरेत वाकली. म्हणजे हेच सेन्सेई.

त्यांनी माझ्याकडं बघून तुटक इंग्रजीत विचारलं, "तुम्ही भारतात बेसबॉल का खेळत नाही?"

मी म्हणालो, "आम्ही क्रिकेट खेळतो. पाच दिवस चालतं. कधीकधी निकालच लागत नाही."

म्हाताऱ्यांचे डोळे चमकले. "पाच दिवस, निकाल नाही. हं. फार चांगलं." माझ्याबद्दल त्यांचं मत बरं झालं ते तेवढ्यापुरतं.

जेवणाची जबाबदारी मार्गारेटबाईंकडं होती. डोकं तुळतुळीत, आवाज खणखणीत, पूर्वी पोस्टात नोकरीला. पत्र पेटीत टाकावं तशा त्या भात वाढायच्या, एका झटक्यात. ब्राऊन तांदळाचा भात, सोयाबीनचं आंबूस सार, मुळ्याच्या लोणच्याच्या चकत्या आणि एक लालसर सुरकुतलेलं फळ. मला वाटलं मोरावळा. अख्खं तोंडात टाकलं. ते खारवलेलं आलुबुखार निघालं, इतकं खारट की माझ्या कानांत घंटा वाजली. जेवताना बोलायचं नाही असा नियम, त्यामुळं ओरडताही येईना. डोळ्यांतून पाणी आलं. समोरच्यांना वाटलं, पाहुणा भाविक आहे.

जेवण झाल्यावर प्रत्येकाच्या वाडग्यात गरम पाणी ओतलं. राखून ठेवलेल्या मुळ्याच्या एका चकतीनं वाडगं फिरवून धुवायचं आणि मग ते पाणी पिऊन टाकायचं, चकतीसकट. हे मला नवीन नव्हतं. आमचे आजोबा ताटात पाणी ओतून पीत, कण वाया जाऊ देत नसत. नवीन एवढंच होतं, की माझी चकती मी आधीच खाल्ली होती. सगळे वाडगी धूत होते आणि मी बोट फिरवत होतो. मार्गारेटबाईंनी आपल्या चकतीचा अर्धा तुकडा मोडून माझ्या वाडग्यात टाकला. पोस्टातली माणसं चुकलेला पत्ताही ओळखतात.

दुपारी चित्राची खोली पाहिली. दगडी दौत, तिच्यावर शाईची कांडी पाण्यात उगाळायची. हे तर सहाणेवर गंध उगाळण्यासारखंच! मी पाच मिनिटं उगाळून दाखवलं. सेन्सेई वाकून बघून म्हणाले, "चांगला हात." मी वृंदाकडं बघितलं. ती खूश होती. तिचं चित्र मात्र वरच्या फळीवर कापड टाकून ठेवलेलं होतं. "उद्याच बघा, काका."

त्या आनंदातच मी झोपलो. आता रविवारची सकाळ.

रविवारची सकाळ

भल्या सकाळी सगळे ध्यानाला बसले. भिंतीकडं तोंड, पाठ ताठ. दहाव्या मिनिटाला माझे गुडघे बोलू लागले आणि पंधराव्या मिनिटाला मी घोरू लागलो. मार्गारेटबाईंनी माझ्या खांद्याला हात लावला आणि दाराकडं बोट केलं. वर्गाबाहेर काढल्या गेलेल्या पोराला केवढा आनंद होतो, हे मी पहिल्यांदाच अनुभवलं.

ओसरीवर आलो. समोर काही नव्हतं. काल ज्यांचे शेंडे दिसत नव्हते, त्या झाडांचे आज बुंधेही नव्हते. समुद्रावरून रात्रीत धुकं चढलं होतं. मी म्हणालो, "छ्या, आज काही दिसायचं नाही," आणि आत वळलो.

चित्राच्या खोलीत वृंदाचं चित्र जमिनीवर पसरलेलं होतं. सेन्सेईंनी लिहावं म्हणून कुणीतरी कापड काढून, कोपऱ्यांवर चार दगड ठेवून तयारी केली होती. शेजारी दौतीत उगाळलेली शाई आणि ओला कुंचला.

मी वाकून बघितलं.

खाली डाव्या कोपऱ्यात डोंगराचा एक काळा सुळका. त्याच्या पायथ्याशी पूल, पुलावर एक वाकलेला माणूस. आणि मग संपलं. वरचा दोन-तृतीयांश कागद कोरा! लिहायला जागा सोडायची, मान्य. पण लिहायला किती जागा लागते? दोन बोटं, चार बोटं. आणि हे अर्धवट चित्र बघून सेन्सेई काय म्हणणार? 'पूर्ण नाही.' उद्या विमान. संपलं पोरीचं. तीन वर्षं शनिवार-शनिवार ड्राइव्ह करून आली आणि शेवटी तेच. सहावीत होती तेच!

खरं सांगतो, त्या क्षणी मी विचार केलाच नाही. बत्तीस वर्षं बाकांच्या रांगांमधून फिरताना हात आपोआप पोराच्या पेन्सिलीकडं जातो, 'सरक जरा, असं काढ', आणि पोर सरकतं. हात गेला. कुंचला उचलला. आमचा पक्षी म्हणजे, मराठी चारचा आकडा काढून खालचं गाठोडं जरा चेपलं की झाला. एक, दोन, तीन, चार. उजवीकडं, वर, तिरक्या रांगेत. फर्मास. आता मधे सूर्य टाकला की आभाळ भरणार. सूर्य गोल यायला हवा, म्हणून मी वाटी शोधू लागलो.

वाटी शोधता शोधता वळलो, तर दारात वृंदा उभी, ध्यान अर्धवट सोडून मला बघायला आलेली.

ती चित्राकडं बघत होती. मग तिनं माझ्याकडं बघितलं. हातात कुंचला होता माझ्या.

"सर," ती म्हणाली, "पुन्हा?"

फाटकाबाहेर तिनं मला सर म्हटल्याचं ते पहिलंच. घरापासून अर्ध्या पृथ्वीवर, कुठलंही फाटक नसताना. आणि मला एकदम सगळं दिसलं. उत्तेजनार्थ बक्षिसाचं ते चित्र तिनं घरी नेलं नव्हतं, शाळेच्या कपाटातच पडलं होतं. त्यानंतर तिनं ड्रॉइंगच्या ग्रेड परीक्षेचा फॉर्म भरला नव्हता. मी वर्षानुवर्षं सांगत आलो, "हुशार पोरगी, गणिताकडं वळली." आणि 'आमटी वाढू?'

"वृंदे," मी म्हणालो, "पांढरा पोस्टर कलर आहे का इथं?"

तिनं कपाळाला हात लावला. "काका, हा कागद शाई पितो. आत जाते ती. खोडता नाही येत, झाकता नाही येत."

"मला वाटलं, अर्धवट बघून ते नापास करतील..."

"ते धुकं आहे, काका."

मी खिडकीबाहेर बघितलं. पलीकडं डोंगर होता, झाडं होती, सगळं होतं, आणि काहीही काढलेलं नव्हतं. 'धुकं आहे ना? मग काढून दाखव.' तर इथं कुणीतरी अख्खी दरी भरून काढून दाखवलं होतं.

तेवढ्यात ध्यान संपल्याची घंटा झाली आणि सेन्सेई आले, मागून मार्गारेटबाई. चित्र बघून मार्गारेटबाईंच्या तोंडून "ओह नो" निघालं. सेन्सेई गुडघे टेकून बसले आणि बराच वेळ बघत राहिले.

"कोणी?" त्यांनी विचारलं.

मी करंगळी वर केली. म्हणजे करायची होती तर्जनी, पण घाबरलं की शाळेतलं कुठलंही बोट वर होतं.

"हे कोणते पक्षी?"

बत्तीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. कावळा? घार? बगळा? मी हजारो पोरांना हजारो वेळा हे पक्षी काढायला लावले, आणि त्यांना नाव नव्हतं.

"पक्षी..." मी म्हणालो, "म्हणजे जनरल पक्षी."

"कुठून आले?"

"सांगलीहून."

मार्गारेटबाई खोकल्या. सेन्सेई हसले नाहीत. ते वृंदाकडं वळले. "चित्र तुझं आहे. यावर मी लिहू?"

एक 'हो' म्हणाली असती तर निभलं असतं. म्हाताऱ्यांनी नाही म्हटलं नसतं, मीही वाचलो असतो. आमच्या घराण्यातली मुलगी, वडीलधाऱ्यांसमोर मान खाली घालणारी. तिनं मान वर केली.

"नाही," ती म्हणाली. "हे माझं नाही झालं."

"हं." ते उठले. फळीवरून एक नवा कागद काढून तिच्यापुढं ठेवला. "संध्याकाळपर्यंत मी इथं आहे." मग माझ्याकडं बोट केलं. "याला शाई उगाळू दे. दोन्ही हातांनी."

मी दोन्ही हातांनी शाईची कांडी धरली आणि उगाळत बसलो. घरी पूजेला गंध उगाळतो तेव्हा माझं अर्धं लक्ष चहाकडं असतं. त्या दिवशी नव्हतं. वृंदा कोऱ्या कागदासमोर बसली होती. ध्यानाला बसल्यासारखी नाही, भांडायला बसल्यासारखी. नाकाचा शेंडा लाल. मग तिनं कुंचला बुडवला आणि एका दमात सुळका खाली आणला. असा, की माझ्या अंगावर काटा आला. पुन्हा पाण्याचा हात, एक पुसट कडा, पूल, माणूस. यावेळी माणूस वाकलेला नव्हता, ताठ चालला होता. किती वेळ लागला? चहा उकळायला लागतो तेवढा.

आणि वर? वर पहिल्यापेक्षाही जास्त कोरं.

माझी बोटं शिवशिवली. खोटं का सांगू? शिवशिवलीच.

"काका," ती मान न वळवता म्हणाली, "हात."

मी कांडी आणखी घट्ट धरली.

चार वाजता

दुपारभर चित्र वाळत होतं आणि मी ओसरीवर बसून होतो. धुकं हळूहळू उतरत गेलं. आधी एक शेंडा, मग दुसरा, मग मधला उतार. काढल्यासारखे एकेक उमटत होते. एक निळा पक्षी कठड्यावर येऊन ओरडून गेला. मी मार्गारेटबाईंना त्याचं नाव विचारलं. त्या म्हणाल्या, "जे." निदान एकाचं नाव तरी कळलं.

साडेतीनला सेन्सेईंनी चित्र भिंतीला लावलं. जवळून बघितलं, लांबून बघितलं, वाकून पुलावरच्या माणसाकडं बघितलं. मी देवाला नवस बोलत होतो, आणि त्या मठात कुठला देव आपल्या हद्दीत येतो याचा हिशेब लागत नव्हता, म्हणून गणपतीच धरला. वृंदाचा चेहरा कोऱ्या कागदासारखा.

"हं," म्हातारे म्हणाले. "पूर्ण."

चित्र खाली घेतलं, कुंचला उचलला, आणि वरच्या उजव्या बाजूला एक उभी ओळ लिहिली. थांबले. डोळे बारीक करून माझ्याकडं बघितलं आणि आणखी दोन अक्षरं लिहिली. लाल शिक्का मारला. मग वृंदाच्या कानाशी वाकून तिला अर्थ सांगितला. तिनं तोंडावर हात घेतला. रडते की हसते कळेना. मार्गारेटबाईंचे डोळे मात्र नक्की ओले होते.

"काय लिहिलं?" मी विचारलं.

"गाडीत सांगते."

एवढ्या अपराधावर काहीतरी वाहायला हवं, म्हणून मी बॅगेतून भडंगाची पिशवी काढून दोन्ही हातांनी सेन्सेईंपुढं धरली. त्यांनी मूठभर तोंडात टाकलं. कपाळाला घाम आला. दुसरी मूठ घेतली.

वृंदा पुटपुटली, "काका, त्यात लसूण आहे ना? भिक्षूंना लसूण चालत नाही."

मला चातुर्मासात सोवळ्यातल्या एखाद्या काकूंच्या ताटात कांदाभजी वाढल्यासारखं झालं. मी पिशवी मागं घ्यायला गेलो. सेन्सेईंनी ती घट्ट धरली.

"जपानात नाही चालत," ते म्हणाले, आणि तिसरी मूठ घेतली. "विमान उद्या आहे."

बरोबर चारला शिरीष आला. "झालं ना? लिहिलं त्यांनी?" वृंदानं नुसती मान हलवली. दोन वळणं गेली, तिसरं गेलं. माझं पोट यावेळी बसून होतं, भीतीनं.

"अगं, सांग तरी!" शिरीष म्हणाला. "काय लिहिलंय?"

वृंदा मागं वळून माझ्याकडं बघत म्हणाली, "चार पक्षी आत्ताच येऊन गेले. सांगलीचे."

शिरीषला काही कळलं नाही. "मतलब? कुठले पक्षी, यार?" आणि ती जी हसायला लागली, ती थांबेचना. डोळे पुसत हसली, पाणी पिऊन हसली, ठसका लागला तरी हसली. शेवटी मीही हसलो, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

"वृंदे," जरा वेळानं मी म्हणालो, "दुसरं पहिल्यापेक्षा चांगलं झालं ना गं?"

"हो. रागात काढलं ना."

"म्हणजे माझा थोडाफार..."

"काका," ती म्हणाली, "उत्तेजनार्थ."

पुन्हा सांगली

सेन्सेईंची ओळ असलेलं चित्र सांता क्लाराला वृंदाच्या दिवाणखान्यात आहे. पहिलं, पक्ष्यांचं, मी मागून आणलं. ती देत नव्हती, "फेकून द्या हो ते," म्हणत होती. मी गुंडाळी करून विमानात मांडीवर धरून आणली.

आता ते आमच्या बाहेरच्या खोलीत लावलंय. तो सहावीतला किस्सा मी हल्ली सांगत नाही, त्याऐवजी हा सांगतो. पण ज्यांनी हाही ऐकलेला नाही, असेही लोक येतात. परवा शेजारचे पाटील येऊन बसले. चहा पिता पिता चित्राकडं बघत राहिले. मग उठून जवळ गेले.

"मास्तर, डोंगर झकास आहे. ते धुकंही अगदी खरं वाटतंय, बघा. पण वरचे पक्षी शाळेतल्या पोरानं काढलेत का हो?"

"हो," मी म्हणालो. "आहे एक. अजून शिकतोय."